एका तारजोडीवर अनेक सेन्सर

कांदा चाळींत भरून ठेवणाऱ्या शेतकऱ्याचें लक्ष बाजारभावाकडे असतें, आणि तें साहजिकच आहे; परंतु चाळींतील मालाचें बरेंवाईट हें भावापेक्षां हवेवर अधिक अवलंबून असतें. साध्या हवेशीर चाळींत २५ ते ३० अंश सेल्सियस उष्णतामान व ६५ ते ७० टक्के आर्द्रता साठवणुकीस योग्य समजली जाते. दमटपणा याहून वाढला म्हणजे काजळी व सड यांस सुरुवात होते, आणि हवा फार कोरडी झाली म्हणजे कांदा सुकून वजनांत घट येते. यांतील अडचण अशी कीं, चाळीची हवा सर्वत्र सारखी नसते. पावसाच्या तोंडाकडील कप्पा वेगळा, मधला वेगळा, छपराखालचा वेगळा. दाराशीं टांगलेल्या एका आर्द्रतामापकावरून मधल्या कप्प्यांत काय चाललें आहे याचा अंदाज बांधणें म्हणजे वेशीजवळच्या एका शेताची पाहणी करून साऱ्या गांवची आणेवारी लावण्यासारखें आहे.

म्हणून चार-सहा ठिकाणीं सेन्सर बसवावे असें पुष्कळांच्या मनांत येतें. बाजारांत चौकशी केली तर प्रत्येक सेन्सरबरोबर एक स्वतंत्र पेटी, तिचा स्वतंत्र पडदा आणि अर्थात स्वतंत्र किंमत, अशी यादी हातीं पडते. वास्तविक इतक्या पेट्यांची गरज नाहीं. एका पाटीवर मावणारा लहान संगणक घेतला तर त्या एकट्यालाच हे सर्व सेन्सर जोडतां येतात, आणि त्यासाठीं प्रत्येकास निराळ्या तारा न्याव्या लागत नाहींत; सर्वांस मिळून एकच तारजोडी पुरते. ही सोय कशी चालते व ती कोठें फसते हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे. फसते तेव्हां ती बहुधा गुपचूप फसते, आणि म्हणूनच तिची माहिती शेतकऱ्यानें स्वतः करून घेणें अगत्याचें आहे. सर्व कांहीं जोडून देणाऱ्या मुलावर सोंपवूं नये.

अशा संगणकांपैकीं आपल्याकडे सहज मिळणारा म्हणजे रास्पबेरी पाय. इंग्लंडांतील केंब्रिज येथील रास्पबेरी पाय फाउंडेशन या संस्थेनें विद्यार्थ्यांस संगणकाची विद्या स्वस्तांत शिकतां यावी या हेतूनें तो २०१२ सालीं बाजारांत आणला. त्याच्या कडेला २०१४ पासूनच्या पाट्यांवर ४० टोकांची दुहेरी रांग असते, आणि बाहेरचीं उपकरणें तेथें जोडावयाचीं असतात. सामाईक तारजोडीची कल्पना मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. फिलिप्स कंपनीनें १९८२ सालीं दूरचित्रवाणी संचासारख्या यंत्रांच्या पोटांतील निरनिराळे भाग थोड्या तारांत एकमेकांशीं बोलावेत म्हणून ती काढली. तिला आय-टू-सी बस असें नांव आहे. ती पेटीच्या आंतल्या कामासाठीं जन्मली, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. लांबीचा विषय येईल तेव्हां तिचा उपयोग होईल.

या जोडींत दोन तारा असतात. एकीवरून निरोप जातो, तिला एसडीए म्हणतात. दुसरीवरून ठेका जातो, तिला एससीएल म्हणतात. ठेका संगणक धरतो आणि प्रत्येक ठोक्याबरोबर निरोपाच्या तारेवर एक अंक, शून्य किंवा एक, सरकतो. याशिवाय विजेची एक व परतीची एक अशा दोन तारा लागतातच. त्याही सर्वांना सामाईक असतात. तेव्हां चार सेन्सर असोत वा दहा असोत, संगणकापासून निघणाऱ्या तारा एकंदर चारच.

बोलण्याचा क्रम चावडीवरील हजेरीसारखा आहे. संगणक प्रथम एक क्रमांक पुकारतो. तो क्रमांक सर्वांच्या कानीं पडतो, पण ज्याचा असेल तोच ‘हजर’ म्हणून तार क्षणभर खालीं ओढतो. बाकीचे गप्प राहतात. मग त्या दोघांचें बोलणें होतें, आणि तें संपल्यावरच पुढचा क्रमांक पुकारला जातो. न विचारतां कोणी बोलावयाचें नाहीं. नेहमींचा वेग सेकंदास एक लाख ठोके असल्यामुळें एका सेन्सरचें मोजमाप तारेवरून आणण्यास एक-दोन सहस्रांश सेकंद पुरतात; चाळीच्या कामाला दर पांच मिनिटांनीं एक नोंद झाली तरी बस.

आतां सर्व मदार ज्यावर आहे त्या क्रमांकाकडे वळूं. महसूल खात्यांत उमर घालविलेल्या माणसास हा भाग विशेष ओळखीचा वाटतो, कारण दोन शेतांस एकच गट नंबर पडला तर काय अनर्थ होतो हें त्यानें पाहिलेलें असतें.

हे क्रमांक दहाच्या नव्हे तर सोळाच्या पायावर लिहितात, त्यामुळें नवख्याचा प्रथम गोंधळ होतो. ज्यांच्या घरीं जुन्या जमाखर्चाच्या वह्या आहेत त्यांना यांत अवघड कांहीं नाहीं. १९५७ सालीं दशमान नाणीं येण्यापूर्वीं सोळा आण्यांचा रुपया होता. त्या हिशेबानें ७६ हा क्रमांक म्हणजे ७ रुपये ६ आणे, अर्थात ११८ आणे समजावे. दहा ते पंधरा आणे एकाच चिन्हानें लिहितां यावे म्हणून ए पासून एफ पर्यंतचीं अक्षरें घेतात. म्हणून ४ए म्हणजे ४ रुपये १० आणे. क्रमांकास सात बिटांची जागा आहे, त्यामुळें एकंदर क्रमांक १२८ होतात. त्यांतील १६ राखून ठेवले आहेत. उरलेले ११२, म्हणजे ८ आण्यांपासून ७ रुपये ७ आण्यांपर्यंतचे, वांटपास मोकळे आहेत.

पण हे ११२ क्रमांक जगांतील सर्व कारखान्यांना मिळून आहेत. प्रत्येक जातीच्या सेन्सरचा क्रमांक कारखान्यांतच ठरतो. उष्णता व आर्द्रता मोजणारा एएचटी २० हा स्वस्त सेन्सर नेहमीं ३८ क्रमांकाचाच असतो. त्याला दुसरा क्रमांक देतां येत नाहीं. मग एखाद्यानें स्वस्त म्हणून असे चार सेन्सर आणले आणि एकाच तारजोडीवर लावले तर काय होईल? संगणक ३८ पुकारील, चौघेही ‘हजर’ म्हणतील, आणि चौघेही एकदम आपापला आंकडा सांगूं लागतील.

अशा गोंधळांत यंत्र बंद पडतें असा पुष्कळांचा समज आहे. बंद पडलें तर बरेंच म्हणावयाचें. पण तसें होत नाहीं. या तारेची रचना अशी आहे कीं, ती स्वभावतः वर असते आणि कोणीही ती खालीं ओढूं शकतो. वर मात्र कोणीच ढकलूं शकत नाहीं. म्हणून एकानें ‘एक’ व दुसऱ्यानें ‘शून्य’ म्हटलें तर तारेवर शून्यच दिसतें. याचा परिणाम प्रत्यक्ष आंकड्यांत पाहावा. समजा, एका कप्प्यांत आर्द्रता ८० टक्के आहे व दुसऱ्यांत ७० टक्के. दुहेरी अंकांत ८० टक्क्यांचे पहिले आठ अंक ११००११०० असे होतात आणि ७० टक्क्यांचे १०११००११. एकाखालीं एक मांडून जेथें दोहोंकडे १ असेल तेथेंच १ ठेवावा. उरतें १०००००००, म्हणजे ५० टक्के! ८० नव्हे, ७० नव्हे, त्यांची सरासरी ७५ सुद्धां नव्हे. आणि ५० हा आंकडा पाहून कोणासही संशय यावयाचा नाहीं. उलट हवा कोरडी आहे, काळजीचें कारण नाहीं, असें समजून मालक स्वस्थ झोंपेल. चाळींत मात्र दोन्ही कप्पे दमट असतील. अशी चूक नेहमीं कमीच्या बाजूस पडते, हें शून्य जिंकण्याच्या नियमावरून उघड आहे. सांडपावसाच्या दिवसांत कांदा सडविण्यास अशी एक चूक पुरेशी आहे. हा सेन्सर उत्तराच्या शेवटीं पडताळ्याचा एक अंक पाठवितो खरा, परंतु वापरलेला प्रोग्राम तो पाहत नसेल तर त्याचा उपयोग नाहीं. प्रोग्राम लिहून देणाऱ्यास हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

यावर उपाय दोन आहेत. पहिला, ज्या सेन्सरचा क्रमांक बदलतां येतो तेच घ्यावे. स्विस कंपनी सेन्सिरिऑनचा एसएचटी ३१ हा एका टोकाच्या जोडणीवरून ४४ किंवा ४५ क्रमांक घेतो. जर्मनींतील बॉशचा बीएमई २८० हा तसाच ७६ किंवा ७७ होतो. म्हणजे पहिल्याचे दोन व दुसऱ्याचे दोन असे चार सेन्सर एका तारजोडीवर भांडणाशिवाय नांदतात, आणि चार कप्प्यांची सोय होते. येथें खरेदीच्या वेळीं एक सावधगिरी ठेवावी. बीएमपी २८० नांवाचा एक भाऊबंद त्याच पाटीवर, त्याच क्रमांकाचा मिळतो; तो उष्णता व हवेचा दाब सांगतो पण आर्द्रता सांगत नाहीं. दुकानदार कित्येकदां एकाच्या जागीं दुसरा देतो. सेन्सरच्या पोटांतील ओळखीचा आंकडा प्रोग्रामनें वाचून पाहिला तर बीएमईचा ६० व बीएमपीचा ५८ येतो, त्यावरून निवाडा करावा.

दुसरा उपाय म्हणजे मधें एक फाटेकरी बसविणें. टीसीए ९५४८ए या नांवाच्या लहान पाटीवर आठ फाटे असतात. संगणक आधीं तिला तिच्या ७० क्रमांकानें हांक मारून ‘तिसरा फाटा उघड’ असें सांगतो. मग तेवढाच फाटा मुख्य तारेला जोडला जातो व बाकीचे बंद राहतात. धुळें-नाशिककडील फड पद्धतींत पाटकरी एकेका शेताचें दार उघडून पाणी देतो, तसाच हा प्रकार. अशा रीतीनें ३८ क्रमांकाचे आठ सेन्सर आठ फाट्यांवर सुखानें ठेवतां येतात. मात्र जो क्रमांक मुख्य तारेवर आहे तो कोणत्याही फाट्यावर पुन्हा येऊं देऊं नये, नाहींतर वरचीच कथा.

प्रत्यक्ष जोडणी सोपी आहे. संगणक बंद करून विजेची तार काढावी, मगच हात लावावा. टोकांच्या आंतल्या रांगेंत १ क्रमांकाच्या टोकावर ३.३ व्होल्ट असतात, ३ वर निरोपाची तार, ५ वर ठेक्याची तार आणि ९ वर परतीची. पहिल्याच्या अगदीं शेजारीं २ क्रमांकाचें टोक आहे व त्यावर ५ व्होल्ट असतात. संगणकाच्या निरोपाच्या टोकांस ३.३ व्होल्टांहून अधिक सोसत नाहीं. ज्या पाटीवरील रोधक तारेस ५ व्होल्टांकडे ओढून धरतात अशी पाटी ५ व्होल्टांवर चालवून जोडली तर संगणक कायमचा बिघडूं शकतो. म्हणून सर्व सेन्सर ३.३ वर चालणारेच घ्यावे. वरचे चारही चालतात.

नंतर संगणकाच्या रचनेंत आय-टू-सी चालू करून एकच सेन्सर जोडावा, आणि आय-टू-सी-डिटेक्ट हा हजेरी घेणारा प्रोग्राम १ क्रमांकाच्या बसवर चालवावा. तो सर्व क्रमांक पुकारून, जे उत्तर देतील त्यांचा तक्ता पडद्यावर मांडतो. पहिला सेन्सर दिसला म्हणजे तो वहींत लिहावा, संगणक बंद करावा, दुसरा जोडावा, पुन्हा हजेरी घ्यावी. सर्व एकदम जोडून मग बिघाड शोधीत बसण्यापेक्षां ही रीत जलद आहे. हजेरींत एक खोंच आहे ती ओळखून असावें: एका क्रमांकाचे दोघे असले तरी तक्त्यांत एकच नोंद दिसते. म्हणून नोंदी किती आल्या तें जोडलेल्या पाट्यांशीं ताडून पाहावें. पांच जोडले आणि चार दिसले, तर एक मेला आहे किंवा दोघांनीं एक नंबर घेतला आहे.

याच्या उलट प्रकारही घडतो. खेड्यांत इंटरनेट जातें-येतें आणि रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत त्यांत स्वतःचें घड्याळ नाहीं (२०२३ च्या पांचव्या आवृत्तींत तें आहे, त्यास बॅटरी मात्र निराळी लावावी लागते). त्यामुळें नोंदींच्या वेळा चुकूं नयेत म्हणून डीएस ३२३१ हें घड्याळ त्याच तारजोडीवर लावतात. त्याचा क्रमांक ६८. पण बाजारांत मिळणाऱ्या पुष्कळशा घड्याळपाट्यांवर स्मृतीची एक चिपही डकविलेली असते, तिचा क्रमांक बहुधा ५७. जोडली एक पाटी आणि नोंदी दोन, एका घरांत दोन कुळें, म्हणून घाबरूं नये. तसेंच, घड्याळ संगणकाच्या मूळ व्यवस्थेनें ताब्यांत घेतलें म्हणजे तक्त्यांत ६८ च्या जागीं यू यू अशीं अक्षरें येतात. तीही नादुरुस्ती नव्हे.

आतां रोधकांविषयीं. तार स्वभावतः वर असते असें म्हटलें, पण ती वर धरून ठेवण्याचें काम रोधक करतात. संगणकावर दोन्ही तारांना १,८०० ओहमचा एकेक रोधक आधींच बसविलेला आहे. प्रत्येक सेन्सरपाटीचा कर्ता आपल्या पाटीवर आणखी एक जोडी लावून देतो, आणि सर्व समांतर पडतात. समजा, चार पाट्यांवर प्रत्येकीं ४,७०० ओहमचे आहेत. चारांचा मिळून १,१७५. त्यांत संगणकाचा १,८०० मिळवला कीं एकंदर सुमारें ७११ ओहम उरतो. तार खालीं ओढण्यास सेन्सरला जी ताकद लागते तिची नेमलेली मर्यादा ३ मिलिअँपिअर आहे, आणि ३.३ व्होल्टांवर ती सांभाळण्यास एकंदर रोध निदान ९६७ ओहम पाहिजे. ७११ वर तार पुरती खालीं येईल याची हमी नाहीं. सेन्सर कधीं उत्तर देतो, कधीं देत नाहीं. त्यांतील दोन पाट्यांचे रोधक काढून टाकावे, म्हणजे बेरीज १,०१९ वर येते आणि काम चालतें. मोबाईल दुरुस्त करणारा कोणीही हें दोन मिनिटांत करून देईल. सेन्सर बदलण्याचा खर्च करण्यापूर्वीं हा हिशेब करून पाहावा.

लांबीचा प्रश्न शेतकऱ्यापुढें सर्वांत आधीं येतो. ही तारजोडी पेटीच्या आंतील कामासाठीं निघाली हें वर आलेंच आहे. प्रत्येक तार थोडीशी वीज आपल्यांत सांठवून धरते. तार जितकी लांब तितका हा सांठा मोठा, आणि तार खालून वर येण्यास तितका उशीर. नियमानें हा सांठा ४०० पिकोफॅरडपर्यंत चालतो. इंटरनेटसाठीं वापरतात ती पिळाची केबल मीटरला सुमारें ५० घेते. म्हणजे सर्व फांद्या मिळून सात-आठ मीटरांवर मर्यादा संपली, आणि त्यांत सेन्सरांचा वाटा निराळाच. १२ मीटरांच्या चाळींत एका टोकास संगणक ठेवून दुसऱ्या टोकापर्यंत तार ओढली तर ती या नियमाबाहेर जाते. त्यापेक्षां संगणक चाळीच्या मध्यावर टांगावा, त्याशेजारीं फाटेकरी पाटी बसवावी आणि दोन्ही बाजूंस सहा-सहा मीटरांचे स्वतंत्र फाटे काढावे. एका वेळीं एकच फाटा उघडा असल्यामुळें सांठाही एकाचाच मोजला जातो, सुमारें ३००. प्रत्येक फाट्यास स्वतःचे रोधक असावेत, आणि ठेक्याचा वेग एक लाखावरून दहा हजारांवर आणावा; रचनेच्या फाइलींत एक ओळ लिहून तें होतें. निरोपाची व ठेक्याची तार एकाच पिळांत घालूं नये. प्रत्येकीस परतीच्या तारेबरोबर पिळावी.

पंख्याची मोटार सुरू होतांना धक्का बसून एखादा सेन्सर निरोपाच्या मध्यें अडकतो व तार खालींच धरून बसतो. मग सर्वच गप्प होतात. ठेक्याचे नऊ ठोके दिले म्हणजे तो बहुधा सोडतो, न सोडल्यास सेन्सरांची वीज क्षणभर तोडावी. पंख्याच्या तारेपासून ही तार दूरच न्यावी.

चाळीबाहेर, दोनशें-चारशें मीटरांवरील ठिबकच्या शेतांतील मातीचा ओलावाही याच संगणकावर पाहावयाचा असेल तर आय-टू-सीचा नाद सोडावा. तेथें १९८३ सालीं ठरलेली आरएस-४८५ ही पद्धत योग्य. तीही दोन तारांची व सामाईकच आहे, पण निरोप दोन तारांमधील फरकावरून वाचला जात असल्यामुळें ती बाहेरच्या गडबडीस दाद देत नाहीं आणि मंद वेगानें १,२०० मीटरांपर्यंत पोंचते. संगणकाच्या यूएसबी खांचेंत एक लहान परिवर्तक लावला कीं झालें. तार एका खांबावरून दुसऱ्यावर अशी सरळ न्यावी, झाडासारख्या फांद्या काढूं नयेत, आणि दोन्ही टोकांस १२० ओहमचा एकेक रोधक लावावा. हे सेन्सर बहुधा मॉडबस भाषा बोलतात व तींत क्रमांक १ ते २४७ असतात. परंतु कारखान्यांतून ते बहुतेक सर्व १ क्रमांकाचेच येतात. म्हणून मातीत पुरण्यापूर्वीं घरींच, एका वेळीं एकच जोडून, प्रत्येकास निराळा क्रमांक द्यावा व तो न पुसणाऱ्या शाईनें त्याच्या अंगावर लिहावा. पुरून झाल्यावर वीज बंद ठेवून, परिवर्तक काढून, दोन तारांमधील रोध मल्टीमीटरनें मोजावा. तो ६० ओहमच्या आसपास आला तर दोन्ही टोकें ठीक आहेत. १२० आला तर एका टोकाचा रोधक सुटला आहे किंवा तार मधेंच तुटली आहे.